तबकडीचा वेग, पायांची लय

(जनवाडा येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



भाषेच्या व्यासपीठावरून मी डीजेबद्दल बोलणार, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वरातीच्या आवाजाने तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात, हे मला मान्य आहे. पण आवाज हा आजचा मुद्दा नाही. डीजेच्या यंत्रावर एक छोटी पट्टी असते. ती सरकवली की गाण्याचा वेग बदलतो. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून तो ती सरकवतो. मला बोलायचं आहे ते त्या पट्टीबद्दल, आणि तिच्यामुळे शब्दांचं काय होतं याबद्दल.

आधी थोडा हिशेब. तबकडी जितकी जोरात फिरेल तितकं गाणं जलद होतं आणि सूरही तितकाच वर चढतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढवला की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, म्हणजे अर्धा स्वर चढतं. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे यंत्र १९७२ साली आलं आणि १९७९ च्या सुधारित नमुन्यात वेगाची सरकती पट्टी बसली. ती दोन्ही बाजूंना आठ टक्के जात असे, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडं जास्त. एवढ्याने गाणं बिघडलं असं कोणी म्हणणार नाही, पण नाचणाऱ्याच्या पायाला फरक लगेच कळतो. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी मुद्दाम सव्वातेहतीसच्या आसपासच्या वेगावर लावली तर मात्र गोष्ट वेगळी. तीन मिनिटांचं गाणं चार मिनिटांवर जातं आणि गायकाचा षड्ज खालच्या पंचमाच्याही किंचित खाली उतरतो. तरुण पोरीचा आवाज एखाद्या पोक्त बुवासारखा ऐकू येतो.

हा अचरटपणा कोण करील? बेल्जियममध्ये पूर्व फ्लँडर्स भागात व्रासेने नावाचं एक खेडं आहे. तिथे ‘पॉपकॉर्न’ नावाचा नाचघर होता आणि १९७० च्या दशकात त्याच्या नावावरून संगीताचा व नाचाचा एक प्रकारच ओळखला जाऊ लागला. गाणी बहुतेक अमेरिकेची, पन्नास-साठच्या दशकांतली सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज. नाच जोडीने, संथ, झोके घेत करायचा. ज्या तबकड्या त्या चालीला जलद पडत त्या तिथले डीजे सरळ मंद वेगावर वाजवत. याच सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये, विगन गावच्या ‘कसिनो’त (१९७३ ते १९८१), त्याच अमेरिकी सोलच्या तबकड्यांमधून नाचणारे दणकेबाज, जलद गाणी शोधून काढत होते. माल एकाच देशातला. एका गावाने वेगवान गाणी वेचली, दुसऱ्याने वेगवान गाण्याला लगाम घातला. दोन्हीकडे निवाडा पायांचा.

व्रासेनेबद्दल आणखी एक गोष्ट मला लागली आहे. तिथल्या माणसांची भाषा डच, गाण्यांची भाषा इंग्रजी. गाणं पाऊण वेगावर आणलं, बाईचा आवाज बाप्याचा झाला, तरी तिथल्या नाचणाऱ्यांना त्याचं वावडं नव्हतं. माझा तर्क असा, की शब्द त्यांचे नव्हतेच. त्यांना चाल हवी होती. हे मनात ठेवा, कारण जनवाड्याकडे येताना ते लागणार आहे.

आपल्याकडे वेगाशी खेळ डीजेच्या कितीतरी आधी सुरू झाला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत ‘अठ्ठ्याहत्तर’ हा वेग पक्का झालेला नव्हता. कुठली तबकडी सत्तरच्या आसपास कोरलेली, तर कुठली ऐंशीच्या. समजा बहात्तरवर गायलेलं गाणं आज आपण अठ्ठ्याहत्तरवर लावलं, तर गायक अर्ध्या स्वराहून जास्त वर चढतो आणि त्याच्या ताना होत्या त्याहून चपळ वाटतात. जुन्या नाट्यपदांबद्दल ‘काय तो आवाज, काय ती तयारी’ म्हणताना त्यातला थोडा वाटा मोटारीचाही असू शकतो, हे संग्राहकांना ठाऊक असतं. रसिकांना ते सांगायला जाऊ नये, भांडण होतं. चावीच्या ग्रामोफोनचं तर विचारूच नका. चावी उतरत आली की गवयी झोपेला आल्यासारखा गाई. पुढे टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की तीच कथा.

हे अपघात होते. नाचणाऱ्यासाठी जाणूनबुजून वेग बदलणं ही मात्र आपली जुनीच विद्या आहे, फक्त ती माणसाच्या हातात होती. हलगी वाजवणारा आधी शेकोटीवर चामडं तापवून घेतो आणि मग त्याची नजर समोरच्या पायांवर असते. दिंडीत पावली खेळताना मृदंगवाला ठायीत सुरू करतो, टाळकऱ्यांची पावलं जुळली की हळूहळू चढवत नेतो. भारूड करणारा तर याहून हुशार. ध्रुपदाला तो पळतो, सगळ्यांना पळवतो, आणि जिथे मर्माचा शब्द आहे तिथे वाद्यं खाली आणून तो शब्द जवळजवळ बोलून दाखवतो. लोकांच्या कानात तो शब्द पडला याची खात्री झाली की पुन्हा पळतो.

माझं सगळं म्हणणं या फरकात आहे. माणूस लय निवडून बदलतो. पट्टी सरसकट बदलते. तिला ध्रुपद कुठलं आणि मर्म कुठलं ते कळत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५६ पर्यंत हा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. बिदर, भालकी, औराद इकडे राहिले. रेघ नकाशावर पडली, सोयरिकी थांबल्या नाहीत आणि गाणीही थांबली नाहीत. आज इथल्या वरातीत मराठी गाण्याच्या पाठीला कन्नड, त्याच्या पाठीला तेलुगू, मग हिंदी, असं एकाला एक चिकटून येतं. चारही गाणी एका ठेक्यात बसवायची म्हणजे कुणाला तरी ओढावं लागतं, कुणाला तरी ढकलावं लागतं. आताच्या संगणकावर सूर न बदलता वेग बदलण्याची सोय आहे, त्यामुळे आवाज चिरका होत नाही; पण ताण जास्त झाला की व्यंजनांच्या कडा विरघळतात.

कवितेच्या शिक्षकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरसकट वेग वाढवल्याने वृत्त मोडत नाही. लघू आणि गुरू ही तुलनेची मापं आहेत. दोन्ही सारखीच आखडली तर मात्रांचा मेळ तसाच राहतो. म्हणूनच पळवलेलं गाणंही नाचायला चोख लागतं. नुकसान होतं ते उच्चारांचं. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च यांतला भेद निमिषाचा आहे. ‘जहाज’ आणि ‘जग’ यांतल्या ज-कारांचंही तेच. कन्नडमध्ये दंततालव्य च-ज नाहीत. बोलीतल्या कन्नडात महाप्राणही पुष्कळदा सौम्य होतात. ज्या मुलाची शाळा कन्नड आहे आणि मराठी फक्त घरात, त्याला हे उच्चार पुस्तक शिकवत नाही. ते कानावर पडतात आजीच्या बोलण्यातून आणि गाण्यातून. आजी गेली की उरतं गाणं. तेही आम्ही पाव पटीने पळवून त्याच्या कानात ओततो, आणि मग तो मराठी गाण्यावर व्रासेनेकरासारखा नाचतो: पाय बरोबर, शब्द परका.

यावर उपाय म्हणून डीजे बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्या पोराला कुणाचे पाय कधी दमतात ते कळतं, तो लयीचा जाणकार आहे. त्याला आपण भारूड दाखवलं नाही, एवढंच. त्याच्याशी बोलून पाहा. अख्खं गाणं पळवण्यापेक्षा ध्रुपद पळव, कडवं मूळ वेगावर सोड, हे त्याच्या यंत्राला सहज जमतं. गर्दीलाही श्वास घ्यायला जागा मिळते, आणि कडव्यात लोक तोंडाने गाऊ लागतात. तोंडाने गाता येतं तोच वेग शब्दांच्या सोयीचा, अशी साधी कसोटी मी धरतो.

दुसरी विनंती गाणी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या ओवीचा वेग ठरवत होतं जातं: दळण जाडं की बारीक, हात एकीचा की दोघींचा, पहाट की दिवस. बाई जात्यावरून उठून तुमच्या मोबाइलसमोर बसली की ती ओवी निराळ्या वेगाने म्हणते. म्हणून वहीत नुसते शब्द उतरवू नका. बाई बसून गायली की दळताना, एका ओवीला किती सेकंद लागले, जात्याचे किती फेरे झाले, हेही लिहा. घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या संगणकात भरताना आधी वेग तपासा. त्या टेपेत पेटी वाजत असेल तर तिचा षड्ज आजच्या पेटीच्या कुठल्यातरी पट्टीत नेमका बसतो का ते पाहा. दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असेल तर बहुधा एक तर ती पेटी उतरलेली होती, नाहीतर ती टेप. पेटी उतरलेली असली तर गाणाऱ्याचा बोलण्याचा आवाज ओळखीचा वाटेल. टेप उतरलेली असली तर तोही वाटणार नाही. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्याला बोलवा आणि तेवढा बोलण्याचा तुकडा ऐकवत वेग थोडा थोडा बदला. ‘हां, हा आमच्या अण्णांचा आवाज’ असं ते म्हणतील, तिथे थांबा आणि तो आकडा कॅसेटीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.