कर कोणाचा, खैरात कोणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज बोलायचे आहे ते सरकारी तिजोरीविषयी. तिजोरीत पैसा कोण टाकतो, त्यातून कोण नेतो आणि कोणाच्या नावाने ओरड होते, याचा हिशेब आज आपण मांडणार आहोत.

शहरात दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. एक, 'शेतकरी कर भरत नाही.' दुसरे, 'आमचा कर यांच्या कर्जमाफीत आणि रोजगार हमीत उधळला जातो.' ज्याच्या पगारातून दरमहा कर कापला जातो त्याला तिजोरीचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. त्याला शिव्या देऊन आपले भागणार नाही. त्याच्यासमोर आकडे ठेवावे लागतील.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण पाच एकर कोरडवाहूत कापूस आणि ज्वारी घेणाऱ्याचे उत्पन्न आयकराच्या मर्यादेच्या जवळ तरी जाते काय? सूट काढून घेतली तरी या सभेतल्या किती जणांना तो कर लागेल? आणि कर म्हणजे काही फक्त आयकर नव्हे. कीटकनाशकाच्या डब्यावर १८ टक्के जीएसटी, खताच्या पोत्यावर ५ टक्के, डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर राज्याचा कर. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. शेतकऱ्याला मिळत नाही. तो कर भरतो, पण त्याच्या हातात पावती नसते, म्हणून तो करदात्यांच्या यादीत धरला जात नाही.

आता दुसरी बाजू. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ते माफ केले गेले. नेमक्या त्याच महिन्यांत आपली वेचणी चालते. तिजोरीचे उत्पन्न बुडाले, गिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडला आणि आपल्या मालाच्या भावावर दाब आला. याला 'खैरात' कोणी म्हणाले नाही. 'उद्योगाला दिलासा' म्हणाले. तिजोरी दोन्हीकडे हलकी होते, नाव मात्र घेणारा कोण ते पाहून ठेवले जाते.

मग करदाता नेहमी असाच कुरकुरत होता काय? नाही. या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर गावी वि. स. पागे यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांत नुसते भूमिहीन नव्हते. सातबारावर नाव असलेला ज्वारीवाला शेतकरीही बायकापोरांसह खडी फोडत होता. या सभेतल्या म्हाताऱ्या माणसांना ती खडी आणि ती सुकडी अजून आठवत असेल.

त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ पासूनच व्यवसाय कर बसवला होता. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी तो भरायचा. बागायती जमिनीवर रोजगार हमीचा उपकर बसला, म्हणजे बागायतदारानेही वाटा उचलला. आणि जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्याकडून घालायची.

या व्यवस्थेत एक शहाणपण होते. कराला काम जोडलेले होते. आपले पैसे पाझर तलावाला आणि नाला बांधाला जातात, हे मुंबईच्या कारकुनाला सांगता येत होते. दुष्काळात गावात काम मिळाले की माणूस शहराच्या फुटपाथवर येत नाही, हेही त्याला कळत होते. म्हणून तो कर टिकला. आजही नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात. पण कशासाठी, असे त्याला विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येणार नाही. कर राहिला, त्याचे कारण लोकांच्या नजरेआड गेले. आपला पैसा कोठे जातो हे दिसेनासे झाले की माणूस तो चोराच्या घरी गेला असेच धरून चालतो. शहरातल्या रागाचे मूळ इथे आहे.

आता जरा आपल्या अंगणात पाहू. 'रोजगार हमीने मजूर आळशी झाला, वेचणीला माणूस मिळत नाही, सरकार फुकट पैसे वाटते,' हे कोण बोलते? आपणच बोलतो, पारावर बसून बोलतो. शहरातला माणूस आपल्याविषयी जे बोलतो, तेच आपण मजुराविषयी बोलतो. कर्जमाफी हा आपला हक्क आणि मजुराचे काम ही खैरात, अशी दोन मापे घेऊन आपण शहराकडून न्याय कसा मागणार? आणि मजूर म्हणजे तरी कोण? कोरडवाहू तीन एकरवाला पेरणीच्या दिवसांत शेतकरी असतो आणि उन्हाळ्यात मजूर.

वेचणीची मजुरी परवडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. शेतकी कॉलेजात आम्ही उत्पादनखर्चाचे तक्ते मांडायला शिकलो, त्यात मजुरी हा मोठा आकडा असतो. पण मजुरी परवडत नाही ती कापसाला भाव नाही म्हणून. भाव पाडणाऱ्याचा राग वेचणाऱ्या बाईवर काढण्यात शहाणपण नाही.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा बाजूला सारून संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवस आहेत. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. आणि आपल्यासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र देत होते. आता मुंबईच्या तिजोरीवर भार येणार, तिजोरीत पैसा नाही असे सांगितले जाणार आणि शहर पुन्हा म्हणणार, आमचा कर उधळला.

तेव्हा आपण तीन गोष्टी करायच्या. पहिली, व्यवसाय कर किती जमला आणि त्यातला किती रोजगार हमीवर खर्च झाला, याचा वेगळा हिशेब राज्याने दरवर्षी जाहीर करावा, अशी मागणी करायची. ही मागणी नोकरदारांच्या संघटनांनाही पटेल. त्यांच्याकडे जा, त्यांना बरोबर घ्या.

दुसरी, आपल्या गावचे हजेरीपट ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यायचे. खोटे नाव आणि कागदावरचा बांध आपणच पकडला पाहिजे. आपण चोरी झाकली तर शहराचा आरोप खरा ठरतो.

तिसरी, बंदचे दिवस कोणते असावेत, हे ग्रामसभेत मजुरांना शेजारी बसवून ठरवायचे आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. बंदचे दिवस मजुरी पाडण्यासाठी वापरायचे नाहीत. त्या दिवसांची वेचणीची मजुरी त्याच बैठकीत ठरवायची.

भीक आपल्याला नको आहे. घामाचे दाम हवे आहे, आणि भरलेल्या कराचा हिशेब हवा आहे. तो आपल्याला हवा तसा शहरातल्या नोकरदाराला आणि गावातल्या मजुरालाही हवा. माप एकच ठेवा, मग कोणासमोर मान खाली घालायची वेळ येणार नाही.