गुडघ्यांचे दुखणे आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमचा उभा जन्म फळ्यापुढे उभे राहण्यात गेला. तथापि ज्या व्याधीविषयी आज बोलावयाचे आहे, तिची शिकवणी आम्हांस घरीच मिळाली असल्यामुळे हे धाडस करीत आहोत.

गुडघेदुखीस आपल्याकडे सरसकट ‘वात’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु सगळे सांधे एकाच कारणाने दुखत नाहीत. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयोमान, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि काही घराण्यांतील वारसा यांमुळे ती कूर्चा विरळ होते, सांध्याच्या कडेला हाड वाढते आणि सांधा आखडतो. यास डॉक्टर ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणतात. आयुर्वेदातील संधिगत वाताचे वर्णन याच्याशी पुष्कळ जुळते. सकाळी सांधा धरतो, पण सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत सुटतो. चालले की दुखते, बसले की थांबते, आणि वाकवताना आत करकर वाजते. याउलट आमवातात दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा बराच वेळ टिकतो. त्याचे औषध निराळे असून ते लवकर सुरू करावे लागते. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गोदाघाटाच्या पायऱ्या उतरताना उजव्या गुडघ्यात कळ आली. ‘सांधा झिजला आहे, मग वापरला तर अधिकच झिजेल,’ असा हिशेब आम्ही मनाशी मांडला आणि चार महिने पाय उशीवर ठेवून बसून राहिलो. परिणाम असा झाला की मांडी रोडावली, वजन वाढले आणि दुखणे दुप्पट झाले. गुडघा म्हणजे बैलगाडीचा आंस नव्हे, ही गोष्ट पुढे डॉक्टरांनी समजावली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो व सुटतो, तेव्हा आतील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून ज्या सांध्यास हालचाल नाही, तो उपाशी राहतो. आणि मांडीचे स्नायू दुर्बल झाले म्हणजे सगळा भार त्या बिचाऱ्यावरच येतो.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे व्यायाम. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरावा व सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यावर झेपेल तितके चालावे. आरंभी थोडे दुखले तरी भिण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर प्रमाण कमी करावे. दुसरा उपाय वजनाचा. शरीराचे एक किलो वजन उतरले, तर चालताना गुडघ्यावरील भार दर पावलास सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे संशोधकांनी मोजून दाखविले आहे. काठी धरावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उकिडवे बसणे टाळावे. शौचकूपही उंच बैठकीचा असावा.

वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत. त्या जठरास व मूत्रपिंडास अपाय करतात. प्रथम चोळण्याचे औषध डॉक्टरांना विचारावे. नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. तशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले आढळले आहे. एवढे करूनही रात्रीची झोप उडाली आणि चालणे खुंटले, तर शस्त्रक्रियेस भिऊ नये. पंतप्रधानपदी असताना अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली.

परंतु हे सर्व सांगण्यासाठीच आम्ही उभे राहिलो नाही. हा विकार पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि त्याच तो अधिक लपवितात. आमच्या सौभाग्यवती सलग दोन वर्षे मंडळाच्या हळदीकुंकवास आल्या नाहीत. कधी पाहुणे, कधी पापड, अशी कारणे सांगत. एके दिवशी खरे बोलल्या, “सतरंजीवरून उठताना चारचौघींत दोघींनी धरून उठवावे लागते. त्यापेक्षा घरी बरी.” एकाच छपराखाली राहून आम्हांस हे दिसले नाही, याची लाज वाटली. विळीवर बसून, लादी पुसून, पंगती वाढून ज्यांचे गुडघे वाकले, त्याच आज आपल्या मंडळास पारख्या होत आहेत.

पंगतीत खुर्ची मांडणे म्हणजे रीत मोडणे, असे काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. त्या मताचा आदर राखून एक गोष्ट निदर्शनास आणतो. सप्तशृंगगडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. २०१८ पासून तेथे फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. त्या ट्रॉलीतून येणाऱ्या म्हाताऱ्यांवर जर आदिमाया रुष्ट होत नाही, तर खुर्चीवर बसून जेवणाऱ्या आजीवर आपले पूर्वज कसे रुष्ट होतील?

म्हणून आमची मंडळापाशी नम्र विनंती आहे. प्रत्येक पंगतीस व समारंभास एक रांग खुर्च्या-मेजांची असावी, आणि तीही कोपऱ्यात नव्हे, सर्वांच्या बरोबरीने. सभागृहाच्या जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. आणि तरुणांनो, तुमची आई एखाद्या कार्यास ‘नको’ म्हणाली, तर तिला कारण विचारून थांबू नका. ती जमिनीवरून कशी उठते, तेवढे एकदा पाहा.

यंदाच्या हळदीकुंकवास आमच्या सौभाग्यवती येणार आहेत. त्यांच्यासाठी खुर्ची आम्ही स्वतः घेऊन येऊ. पुढील वर्षी ती आणावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.