व्यवसायाची निवड आणि आपल्या मुलांचा कल
(विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या मुलाने पुढे काय व्हावे, हा विषय मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. वरवर पाहता हा घरगुती प्रश्न वाटतो. परंतु ज्या घरात तो विचारला जातो त्या घराचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही. आपल्यांपैकी पुष्कळांच्या पणजोबांना हा प्रश्न कोणीच विचारला नाही, कारण तो विचारण्यास कायद्यानेच जागा ठेवली नव्हती. मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत वतनांचा १८७४ चा कायदा काढून पाहा. वतन बापाकडून मुलाकडे जाई आणि वतनाबरोबर वतनाचे कामही जाई. गावाची वर्दी पोहोचवावी, सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री धावावे, आणि मोबदल्यात इनामाचा एक तुकडा व बलुत्याचे चार दाणे घ्यावेत. मुलगा हुशार आहे की मंद, त्याला लोखंडाची आवड आहे की अक्षरांची, याची चौकशी करण्याचे कोणास कारणच नव्हते. बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले; ही कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा झाला तो १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आज राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. परंतु वकील या नात्याने मी आपणांस सांगतो की कायदा दार उघडू शकतो, कोणत्या दाराने आत जावे हे तो सांगू शकत नाही. निवड करण्याची पात्रता वेगळी मिळवावी लागते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला आहे. जातिव्यवस्थेत श्रमांबरोबर श्रमिकांचीही वाटणी होते, ती वाटणी माणसाच्या अंगच्या गुणांवर होत नाही, आणि समाजाचे हित साधावयाचे तर प्रत्येक व्यक्तीची शक्ती इतकी वाढविली पाहिजे की ती आपला व्यवसाय स्वतः निवडू शकेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे भाषण आपण जातीच्या संदर्भात अनेकदा वाचतो. मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना ते हाती घेणारे घर मात्र मला विरळाच आढळले.

आता ही निवड करण्यास मदत करणारे जे शास्त्र निघाले आहे, त्याची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. हा मनुष्य शिक्षणाने इंजिनिअर, पुढे वकील आणि मग कायद्याचा अध्यापक. त्याची कचेरी श्रीमंतांच्या वस्तीत नव्हती. परदेशातून पोट भरण्यास आलेल्या गरीब लोकांच्या मोहल्ल्यातील एका सेवागृहात ती होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रथम स्वतःला ओळखा, मग निरनिराळ्या कामांची खरी माहिती मिळवा, आणि शेवटी या दोहोंचा मेळ बुद्धीने घाला. तो त्याच वर्षी वारला, आणि त्याचे पुस्तक १९०९ साली त्याच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यानंतर जे काही झाले ते बहुतांशी त्याच्या पहिल्या वाक्याचा विस्तार आहे. दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे कामांच्या माहितीकडे, तितके लक्ष गेले नाही, आणि आपल्या मुलांचे नुकसान नेमके तेथेच होते.

१९२७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्ट्राँग यांनी आवडीनिवडींची एक प्रश्नावली तयार केली. तिची युक्ती मोठी चतुर होती. एखाद्या व्यवसायात स्थिरावलेल्या लोकांना काय आवडते व काय नावडते हे विचारावयाचे आणि विद्यार्थ्याची उत्तरे त्यांच्या उत्तरांशी ताडून पाहावयाची. पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेली सहा प्रकारांची विभागणी जगभर रूढ झाली. कोणी हातात हत्यार घेतल्यावर रमतो. कोणी 'असे का होते?' याचा पिच्छा सोडीत नाही. कोणास नवे रचण्याची, रंगविण्याची, लिहिण्याची ओढ असते. कोणी माणसांना शिकविण्यात व सावरण्यात सुख मानतो, कोणी माणसांना आपल्या मागे घेऊन उद्योग उभारतो, आणि कोणास हिशेब व कागदपत्रे चोख ठेवण्यात समाधान वाटते. आपल्या राज्यातही २०१६ साली शिक्षण मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, व पुढे काही वर्षे ती चालू होती. आता तर अशा प्रश्नावल्या मोबाईलवर घरबसल्या सोडविता येतात आणि पंधरा मिनिटांत मुलाच्या हाती निकाल पडतो.

या निकालाविषयीच मला आपणांस सावध करावयाचे आहे. स्ट्राँग यांच्या प्रश्नावलीची हकीकत ऐका. पुरुषांसाठी निळा नमुना आणि १९३३ पासून स्त्रियांसाठी वेगळा गुलाबी नमुना. दोन्ही नमुने एक झाले ते १९७४ साली. म्हणजे चाळीस वर्षे मुलीची आवड मोजली जात होती ती स्त्रियांना त्या काळी ज्या व्यवसायांत शिरू दिले होते त्यांच्याच मापाने. मापनात लबाडी नव्हती. परंतु ज्या समाजाचे माप घेतले त्याचे सगळे पूर्वग्रह फूटपट्टीवर उमटले होते. आपल्या घरांतही असा एक गुलाबी नमुना आहेच. मुलगी म्हटली की शिक्षिका किंवा परिचारिका, याच्या पुढे आपला विचार जात नाही. दोन्ही कामे थोर आहेत, यात संशय नाही. मात्र ती तिने निवडलेली असावीत.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. प्रश्नावलीत विचारतात, 'प्रयोगशाळेत काम करणे तुम्हांस आवडेल काय?' ज्या मुलाच्या शाळेतील प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, निघते तो याचे उत्तर कशाच्या आधारावर देणार? तो 'नाही' वर खूण करतो, आणि निकाल सांगतो की या मुलास विज्ञानात रुची नाही. गणित नावडते असे म्हणणाऱ्या मुलाची जरा उलटतपासणी घेतली तर कित्येकदा निघते ते इतकेच की सातवीत त्यांच्या वर्गाला वर्षभर गणिताचा शिक्षकच नव्हता. कल हा मुलाच्या जन्मपत्रिकेत लिहिलेला नसतो. जे पाहिले, हाताळले, ज्यात एकदा यश मिळाले, त्यातून तो घडतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांना पाहू दिले नाही त्यांच्या मुलांचा कल, त्यांना काय काय दिसले एवढेच सांगेल.

स्वभावाच्या चाचण्यांचे तर आणखीच नाजूक आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनी युंगच्या विचारांवरून रचलेली चार अक्षरांची चाचणी फार लोकप्रिय आहे. परंतु काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता पुष्कळांचा प्रकार बदलतो, असे तिच्या टीकाकारांनी वारंवार दाखविले आहे. ते असो. माझी हरकत निराळीच आहे. चाचणी म्हणते, हा मुलगा अबोल आहे. मी विचारतो, तो अबोल आहे की त्याला गप्प बसण्याची सवय लावली गेली? वर्गात आडनाव उच्चारल्यावर मागच्या बाकांवर कुजबुज झाली, शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचताना कोणी हसले, आणि त्या दिवसापासून त्याने हात वर करणे सोडले, तर त्या मौनाला त्याचा स्वभाव म्हणणे म्हणजे झालेल्या अन्यायाला दाखला देणे होय. असा मुलगा वस्तीतील वाचनालयात, आपल्या मित्रांत कसा बोलतो ते आधी पाहा.

येथे बाबासाहेबांच्या त्याच भाषणाकडे पुन्हा वळतो. चातुर्वर्ण्य गुणांवर आधारलेले आहे, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी प्लेटोची साक्ष काढली आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग कल्पिले. बाबासाहेब म्हणतात की हे माणसाचे फार उथळ दर्शन आहे, कारण माणसांच्या अंगी असलेल्या प्रवृत्ती इतक्या नाना प्रकारच्या असतात की दोन-चार कप्प्यांत त्या मावत नाहीत. तीन कप्प्यांना जे लागू ते सहा कप्प्यांनाही लागू नाही काय? न्यायाने बोलावयाचे तर हॉलंड यांना याची जाणीव होती. म्हणून तीन अक्षरांचा संकेत देण्याची पद्धत पडली, आणि सहांतून क्रमाने तीन निवडले तर एकशेवीस जुळण्या होतात. परंतु घरी निकाल आला की आई-वडील फक्त पहिले अक्षर वाचतात. ज्या लोकांनी जन्माचा शिक्का पुसण्यासाठी धर्म बदलला त्यांनी मुलाच्या कपाळी छापील शिक्का मारून घेऊ नये.

माझ्याच धंद्याचे उदाहरण देतो, कारण दुसऱ्याच्या धंद्याविषयी अधिकारवाणीने बोलणे वकिलाला शोभत नाही, जरी आम्ही ते रोज करतो. मुलगा बोलका दिसला की लोक म्हणतात, याला वकील करा. अहो, वकिली हा एक धंदा आहे की दहा? मिळकतीचा हक्क तपासणारा वकील दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून तीस-तीस वर्षांच्या सूची चाळतो, फेरफार आणि सातबारा ताडतो. त्याला दिवसभरात चार वाक्येही बोलावी लागत नाहीत, पण एक नोंद निसटली तर अशिलाचे घर जाते. मसुदा लिहिणारा स्वल्पविरामासाठी अर्धा तास घालवितो. साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा फार बोलत नाही, तो फार ऐकतो. जास्त बोलणारा एक प्रश्न अधिक विचारतो आणि प्रकरण घालवितो. पेटंटचे काम करणाऱ्यास विज्ञानाची पदवी लागते. कामगार न्यायालयात काम करणाऱ्यास यंत्र कसे चालते आणि हजेरीपट कसा लिहितात हे ठाऊक असावे लागते. कोणी न्यायाधीश होतो, कोणी कायदा शिकवितो, कोणी शासनासाठी विधेयकांचे मसुदे करतो. हॉलंड यांचे सहाही प्रकार एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात मी आपणांस दाखवू शकेन. डॉक्टर, इंजिनिअर, शेतीतज्ज्ञ, कोणाविषयीही असेच म्हणता येईल. म्हणून व्यवसायाचे नाव निवडण्यापूर्वी त्या व्यवसायातील रोजचे काम काय, हे मुलाने पाहिले पाहिजे.

तर मग चाचणी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. ती अशी सोडवा. एक वही घ्या. प्रश्नावलीत साधारणतः 'आवडेल' आणि 'आवडणार नाही' असे दोन रकाने असतात. आपण तिसरा आखावा : 'मी हे काम पाहिलेलेच नाही.' मुलाने प्रामाणिकपणे खुणा कराव्यात आणि आई-वडिलांनी त्यावेळी शेजारी बसू नये. मग पहिल्या दोन रकान्यांआधी तिसरा मोजावा. त्यात ज्या खुणा असतील त्या पालकांचे काम होय. वर्षभरात त्यांतील दहा कामे तरी मुलाला प्रत्यक्ष दाखवावीत. न्यायालये खुली असतात. मागच्या बाकावर बसून कामकाज पाहण्यास सहसा कोणी अडवीत नाही. आपल्या समाजातील अभियंता, परिचारिका, बँकेतील अधिकारी, छपाईचा कारखानदार यांना भेटून विचारावे की सोमवारी सकाळी आपण प्रथम काय करता, आणि या कामात कंटाळवाणे काय आहे. कामाची थोरवी सगळेच सांगतात. कंटाळा विचारला म्हणजे खरी माहिती मिळते. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा सोडवावी आणि खुणा कोठून कोठे सरकल्या ते पाहावे. त्या हलण्यात मुलगा जितका दिसेल तितका एका निकालात दिसणार नाही.

त्याच वहीत मुलाने आणखी दोन गोष्टी लिहाव्यात : कोणी न सांगता मी काय करीत बसतो, आणि कोणत्या कामात मला दोनदा यश आले. आवड आणि कुवत एकच नव्हेत. बौद्ध कुटुंबाने एक तिसराही प्रश्न घालावा, जो कोणत्याही चाचणीत नसतो : या कामाने दुसऱ्याचे काय होते? सम्यक् आजीविका हे अष्टांग मार्गाचे अंग आहे, आणि शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले आहे.

आता पैशाची गोष्ट. घरात पहिलीच मिळवती पिढी असेल तर आवडीसाठी सात वर्षे थांबा, असे सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. सरकारी नोकरीची ओढही मी हसण्यावारी नेत नाही. १६ व्या अनुच्छेदाखालील राखीव जागा राज्याच्या सेवेत आहेत, खाजगी कारखान्यात नाहीत, हे आपले लोक अनुभवाने जाणतात. पण वाटा वाटतात तितक्या बंद नसतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेलेला मुलगा पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मागू शकतो. बारावीनंतर कायदा घेतला नाही तरी कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. आधी कमाई आणि मग आवड, असा क्रम लावणाऱ्याने हार मानली असे समजू नये.

शेवटी, माझ्या धंद्याच्या सवयीने कागदांविषयी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात संसदेने १९९० साली दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला आहे. तेव्हा मूळ अनुसूचित जातीतील कुटुंबाचा सवलतीचा हक्क धर्मांतराने जात नाही. परंतु जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांवाचून मुलाची निवड प्रवेशाच्या खिडकीपाशीच अडते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा मूळ गावच्या कोतवाल बुकात असतो. बारावीच्या निकालाची वाट न पाहता दहावीच्या सुट्टीतच तहसील कचेरीत जाऊन नक्कल मागावी. जाताना मुलाला बरोबर न्यावे. दप्तर कसे ठेवतात, नोंद कशी शोधतात, हे त्याने पाहिले म्हणजे त्या तिसऱ्या रकान्यातील एक खूण कमी होईल.