पेट्रोलची वही



आज आपल्याला पेट्रोलविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, त्यात नवे काय? भाव वाढला की आपण बोलतोच. पंपावर बोलतो, पानठेल्यावर बोलतो, घरी आल्यावरही बोलतो. पण आपल्या बोलण्याने भाव उतरत नाही. २०२१ साली आपल्या भागात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले. पुढेही ते शंभराच्या वरच राहिले.

मग आपल्या हाती काय आहे? भाव आपल्या हाती नाही. पण गाडीची किल्ली आपल्या खिशात आहे. आणि आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. म्हणून आणखी एक वस्तू तुमच्या हाती आली आहे. ती म्हणजे वही.

या वहीने एका पोरीची शाळा कशी वाचवली, ते आधी सांगतो. घरची गोष्ट आहे, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही.

नांदुऱ्यापासून ८ किलोमीटरवर एक गाव आहे. तिथल्या एक बाई आपल्या रात्रीच्या वर्गाला येत. त्यांची मुलगी नांदुऱ्याला शाळेत जाते. सकाळी ती बसने जाते. पण शाळा सुटते, तेव्हा परतीच्या बसला दोन तास असतात. म्हणून तिचे वडील रोज मोटारसायकलने तिला आणायला जात.

एक दिवस बाई वर्गात गप्प बसल्या होत्या. मी विचारले, "काय झाले, ताई?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे म्हणतात, पोरीची शाळा आता पुरे. महिन्याले दोन हजाराचं पेट्रोल लागते म्हणतात. पोरगीच सारं पेट्रोल खाते म्हणतात."

मी म्हणालो, "खरेच का सारे पेट्रोल शाळेलाच लागते?"

त्या म्हणाल्या, "मले काय माहीत? गाडी यायची. हिशेब कोण ठेवते?"

मी म्हणालो, "तुम्ही ठेवा. आता तुम्हाला आकडे लिहिता येतात."

त्यांनी शाळेची एक जुनी वही घेतली. पानावर चार रकाने आखले. तारीख. कशासाठी गेलो. किती किलोमीटर. किती रुपये. गाडी घरी आली की त्या नवऱ्याला विचारायच्या आणि लिहून ठेवायच्या. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त लिहायचे.

रुपये कसे काढायचे? त्याची रीत सोपी आहे. त्यांची गाडी एका लिटरमध्ये सुमारे ५० किलोमीटर जाते. लिटरचा भाव शंभर धरा. म्हणजे एका किलोमीटरला दोन रुपये. खरा भाव शंभराच्या वर आहे, म्हणजे खरा खर्च दोन रुपयांहून थोडा जास्तच. पण तोंडी हिशेबाला दोन रुपये बरे पडतात. नांदुऱ्याला ८ किलोमीटर जायचे आणि ८ यायचे. झाले १६ किलोमीटर. म्हणजे एका फेरीला ३२ रुपये.

महिना झाला. बाईंनी वही वर्गात आणली. आम्ही बेरीज केली.

मुलीला आणायच्या फेऱ्या २४. किलोमीटर ३८४. रुपये ७६८.

शेतात जायच्या फेऱ्या ३०. किलोमीटर १२०. रुपये २४०.

बाजार, बँक, दवाखाना आणि बियाण्याचे दुकान, अशा गरजेच्या फेऱ्या ६. किलोमीटर ९६. रुपये १९२.

आणि बाकीच्या फेऱ्या २५. किलोमीटर ४००. रुपये ८००.

एकूण १,००० किलोमीटर. रुपये २,०००.

ह्या बाकीच्या फेऱ्या कसल्या? खर्रा आणायला गेले. मोबाईलचे काम राहिले म्हणून गेले. दुकानात पिशवी विसरली म्हणून परत गेले. मित्राला स्टेशनवर सोडायला गेले. चौकात चहाला गेले. एकेक फेरी लहान वाटते. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे तळे आटतेही.

दुसऱ्या दिवशी ते भाऊ स्वतः माझ्याकडे आले. वही हातात होती. म्हणाले, "गुरुजी, हे आकडे बरोबर आहेत का?"

मी म्हणालो, "तुम्हीच सांगितले, ताईंनी लिहिले. बेरीज मी तपासली."

ते थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी नाही खात पेट्रोल. मीच खातो."

मी त्यांना म्हणालो, "भाऊ, चहाला जाऊ नका असे कोणी म्हणत नाही. माणसाला चार माणसांत बसावे वाटतेच. पण मुलीला आणायला तुम्ही रोज नांदुऱ्याला जाताच. मग बँक, दुकान, चहा, सारे त्याच फेरीत करा. शाळा सुटण्याच्या अर्धा तास आधी निघा."

पाहा मंडळी, जी फेरी ते बंद करायला निघाले होते, तीच फेरी कामाची निघाली. पुढच्या महिन्यात त्या २४ फेऱ्या तशाच राहिल्या. वेगळ्या फेऱ्या फक्त ५ झाल्या. शेत दोन किलोमीटरवर आहे. तिथे ते अर्धे दिवस सायकलने गेले. वहीत एकूण ५२४ किलोमीटर भरले. रुपये झाले १,०४८. म्हणजे साडेनऊशे रुपये घरात राहिले. मुलगी शाळेत जात आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे हेच. आधी वही घाला. रोग कुठे आहे हे कळल्याशिवाय औषध देऊ नये. आपण भावाला शिव्या देतो, गाडीला दोष देतो, कधी पोरांच्या शिक्षणावर घसरतो. पेट्रोल खरे कुठे जाते, ते वही सांगते.

आता गाडीकडे वळू. तुमची गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, ते तुम्हीच मोजा. टाकी काठोकाठ नको, पण फुल करा. मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. समजा तो १२,३४० आहे. मग नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा टाकी फुल कराल, तेव्हा दोन आकडे पाहा. मीटर १२,५८० झाले आणि पंपावर ५ लिटर पेट्रोल बसले. १२,५८० मधून १२,३४० वजा करा. राहिले २४०. त्याला ५ ने भागा. आले ४८. म्हणजे गाडी लिटरला ४८ किलोमीटर जाते. मीटर बंद असेल, तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड वाचत जा. आता ते दगड तुमच्याशी बोलतात.

हा आकडा दर दोन महिन्यांनी काढा. तो घसरला, तर गाडीत काही बिघडले आहे असे समजा. समजा, महिन्याला ५०० किलोमीटर गाडी फिरते. अ‍ॅव्हरेज ५० असेल, तर १० लिटर लागतात. ते ४० वर आले, तर साडेबारा लिटर लागतात. म्हणजे फेऱ्या तेवढ्याच, पण अडीचशे रुपये जास्त.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये शंभरात सुमारे २० भाग इथेनॉल असते. ते ऊस आणि धान्य यांपासून करतात. इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. पण पुष्कळच उतरले, तर गाडी तपासा. इथेनॉल पाणीही पटकन ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात आणि गाडी धुताना टाकीचे झाकण नीट लावा.

बिघाड कुठे शोधायचा? चार जागा सांगतो.

पहिली जागा, चाकातली हवा. हवा कमी असली की गाडी जड चालते. मऊ जमिनीत बैलगाडी ओढताना बैलांना जास्त जोर लागतो, तसेच हे आहे. किती हवा भरायची, तो आकडा गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. तो वाचा. आठ-दहा दिवसांनी हवा पाहा. पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून मिळायला हवी, असा नियम आहे.

दुसरी जागा, ब्रेक. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन बंद ठेवा, गिअर काढा. मागचे चाक हाताने फिरवा. ते सहज फिरले पाहिजे. घासत थांबत असेल, तर ब्रेक चिकटतो आहे. म्हणजे एका हाताने गाडी ढकलायची आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवायची, असे चालले आहे. काही जण चालवताना ब्रेकवर पाय ठेवूनच बसतात. ती सवय सोडा. क्लच अर्धा दाबून ठेवायची सवयही सोडा.

तिसरी जागा, चेन. कोरडी आणि धुळीने भरलेली चेन गाडीची ताकद खाते. ती साफ करा आणि तेल द्या. फार सैल नको, फार ताणलेली नको.

चौथी जागा, एअर फिल्टर. इंजिन त्यातून श्वास घेते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्यांवर किती फुफाटा असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. फिल्टर धुळीने भरला की इंजिनाचा दम कोंडतो. गाडी मिस्त्रीकडे गेली की फिल्टर आणि प्लग दोन्ही पाहायला सांगा.

आता चालवण्याविषयी. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने सारखी चालवा. एकदम पळवायची आणि एकदम ब्रेक मारायचा, याने पेट्रोलही जाते आणि ब्रेकही झिजतात. गाडी जितकी जोरात, तितकी समोरची हवा तिला अडवते. नांदुऱ्याच्या १०५ फुटी मारुतीजवळून जो महामार्ग जातो, त्यावर पोरे गाड्या उडवतात. त्यांची पाच मिनिटे वाचतात. पेट्रोल मात्र वाया जाते आणि जिवाला धोका असतो तो वेगळाच.

रेल्वेचे फाटक लागले, कोणाशी बोलत उभे राहिलात, तर इंजिन बंद करा. उभी गाडी किलोमीटर शून्य देते आणि पेट्रोल पीतच राहते. पण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. तिथे पेट्रोल वाचवता वाचवता माणूस जायचा.

पंपावर गेलात, तर मीटरवर शून्य आहे का ते पाहूनच पेट्रोल घ्या. मापाविषयी शंका आली, तर पंपावर ५ लिटरचे तपासलेले माप असते. त्याने मोजून दाखवा असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. गावात बाटलीतून मिळणारे पेट्रोल घेऊ नका. ते महाग पडते आणि त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. घरात पेट्रोल साठवू नका. त्याची वाफ उडून जाते आणि ती वाफ चुलीपर्यंत पोचली तर घर पेटते.

शेवटी आणखी एक विचार करा. प्रत्येक वेळी गाडी काढायलाच हवी का? मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये भगिनींना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी पार केलेल्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. शाळेतल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे. आणि आपले नांदुरा तर मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. ही लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जायचे, तर जलंबवरून गाडी तिथे जातेच. तिकीट किती आणि पेट्रोल किती, दोन्ही आकडे वहीत लिहा. जो लहान असेल, त्याने जा.

आपल्या देशाला जेवढे खनिज तेल लागते, त्यातले शंभरात ऐंशीहून जास्त भाग बाहेरच्या देशांतून येते. १९७३ साली पश्चिम आशियात युद्ध झाले, तेव्हा थोड्या महिन्यांत जगात तेलाचा भाव चौपट झाला. लढाई तिकडे झाली आणि महागाई इथे आली. असे पुन्हाही होऊ शकते. म्हणून एक लिटर वाचला, तर तो घराचाही वाचतो आणि देशाचाही.

तर मंडळी, मी आज तुम्हाला गाडी विकायला सांगत नाही. अडल्या वेळी, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला गाडीच कामी येते. ती जपून वापरा. आज घरी गेल्यावर वहीचे एक पान घ्या. चार रकाने आखा. आजची तारीख लिहा. इथे यायला किती किलोमीटर झाले, ते लिहा. पुढच्या वर्गाला ते पान घेऊन या. बेरीज आपण सगळे मिळून करू.