आमचे उमप, तुमचे उमप

(पूर्णा येथे जानेवारी २०११ मध्ये झालेल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. संगणकावर मी रोजच बोलते, त्याचा पगारही मिळतो. आज मला विठ्ठल उमपांबद्दल बोलायचं आहे आणि ते याच लोकांसमोर बोलायचं आहे.

२६ नोव्हेंबरला, शुक्रवारी, लोकशाहीर विठ्ठल उमप गेले. नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता, तिथं व्यासपीठावरच कोसळले. वय ७९. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर मुंबई हल्ल्याचा दुसरा स्मृतिदिन चालू होता, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. रात्री फोन आला. फोन करणारी आपल्याच वर्गातली. आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. ‘बोल, पण माझं नाव घेऊ नको’ असं तिनं बजावलंय, म्हणून मी तिला मैत्रीण म्हणते. खरं तर शाळेत असताना आम्ही मैत्रिणी नव्हतो.

नववीचं गॅदरिंग आठवतंय का? १९८२ चा डिसेंबर. आम्हा आठ मुलींचा कोळीनाच होता. नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कासून नेसलेली, पुठ्ठ्याची वल्ही, आणि मागे उमपांची रेकॉर्ड. आपल्यापैकी एकीनंही तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पूर्णा नदीचं, तेही उन्हाळ्यात आटलेलं. पण तो आवाज लागला की होडी हलते आहे असं वाटायचं. बाईंनी तालीम थांबवून विचारलं, ‘हे कोण गातंय, माहीत आहे का?’ मी हुशार, लगेच म्हणाले, ‘विठ्ठल उमप, मुंबईचे कोळी आहेत ते.’

मागून ही म्हणाली, ‘कोळी नाहीत. आमचे आहेत ते. बाबासाहेबांची गाणी म्हणतात.’

मी हसले. मुली हसल्या. तिनं विचारलं, ‘कामून हसलालीस गं?’ मी उत्तर दिलं नाही. बाईंनी रेकॉर्ड पुन्हा लावली.

आता हे हसू कुठून आलं ते सांगते. आमचं रेल्वेचं क्वार्टर. चौदा एप्रिलला कॉलनीच्या पलीकडून भोंग्यावर दिवसभर गाणी यायची आणि आमच्या घरात त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायचे. कारण ‘उकाडा’ सांगायचे. एप्रिलात उकाड्यासाठी खिडक्या कोण लावतं? आपण पाचवीत आलो त्या जुलैत, १९७८ साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. शाळा सुरू झाल्यावर कुणी कुणाच्या शेजारी बसायचं हे कुणी न सांगताच ठरलं होतं. सरांनी बाकांची अदलाबदल करून पाहिली. आठवडाभर टिकली. सर इथे आहेत. सर, तुम्ही प्रयत्न केला होता, हे मला लक्षात आहे.

तर बंद खिडकीपलीकडचा तो भोंगा आणि आमच्या कोळीनाचाची रेकॉर्ड यांतला गळा एकच होता, आणि मला तो ऐकू आला नव्हता.

पुढे नांदेडला इंजिनीअरिंग. पूर्णेहून मीटरगेजच्या गाडीनं ये-जा. मग पुणे, मग कंपनीनं वर्षभर लंडनला पाठवलं, २००३ साली. तिथं शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, डेव्हिड बोवी या रॉक गायकाचे भक्त. बोवी म्हणजे रूपं बदलणारा माणूस. १९७२ मध्ये त्यानं ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचं एक पात्र उभं केलं, केस लाल, चेहरा रंगवलेला, आणि पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये भर कार्यक्रमात ते पात्र संपवून टाकलं. लोकांना वाटलं हा गाणंच सोडतोय, लोक रडले. हे गृहस्थ तेव्हा शाळा संपवून नुकतेच बाहेर पडलेले. तीस वर्षांनंतरही सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्याकडे असं कुणी आहे का?’ मी म्हटलं, आहे, विठ्ठल उमप. कोळीगीतं गातात, पोवाडे गातात, भारुडं करतात, कव्वालीला बसतात. ‘तुम्ही त्यांचं कोणतं रूप पाहिलंय?’ मी म्हटलं, कोळी. ‘आणि बाकीची?’ बाकीची मी ऐकून माहीत असलेली होती, पाहिलेलं एकही नव्हतं. कोळीसुद्धा रेकॉर्डवरचाच.

म्हणून परत आल्यावर पुण्यात ‘जांभूळ आख्यान’ लागलं तेव्हा मुद्दाम गेले. आपल्याकडच्या लोकांना हे आख्यान नवं नाही. गोंधळात ते सांगणारे राजारामभाऊ कदम आपल्या परभणीचेच. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला गेला असेल, संबळ आणि तुणतुण्यावर पहाटेपर्यंत कथा चाललेली असेल आणि आपण सतरंजीवर झोपून गेलो असू. कथा अशी की, कर्णाला पाहून द्रौपदीचं मन चळतं. कृष्णाला ते कळतं. मग वनात एक जांभूळ तोडलं जातं, ते ऋषीचं असतं, आणि ते पुन्हा देठाला चिकटवायचं तर प्रत्येकानं मनातलं खरं सांगायचं. पांडव सांगतात. शेवटी द्रौपदीची पाळी येते.

सत्तरी ओलांडलेला तो माणूस. कथा सांगताना शाहीर, क्षणात कृष्ण, क्षणात भीम. आणि मग द्रौपदी. खांद्यावरचं कापड पदर झालं, मान एवढीशी वळली, आवाज खाली आला. मला पुढच्या रांगेतल्या बायका दिसत होत्या, एकीचीही हालचाल नव्हती. पाच नवऱ्यांसमोर एक बाई सहाव्याचं नाव घेते आहे आणि ते सांगतोय एक म्हातारा पुरुष, आणि आम्हाला त्यात पुरुष दिसत नव्हता. बोवीला रंग लागायचा, केस लागायचे. इथं एक कापड पुरलं. (हे मी लंडनला ईमेलनं कळवलं. उत्तर आलं, ‘व्हिडिओ पाठव.’ इंजिनीअर असून मला तेव्हा तो मिळवता आला नाही.)

तिथून बाहेर पडल्यावर मी हिचा नंबर शोधायला हवा होता. शोधला नाही. दोन वर्षांपूर्वी या मेळाव्याच्या यादीसाठी नंबर जमा झाले तेव्हा तो आपोआप माझ्याकडे आला, आणि मी तरीही फोन केला नाही. जून २००९ मध्ये मायकेल जॅक्सन गेला तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर त्याची गाणी वाजली, मुलांनी कॅन्टीनमध्ये मेणबत्त्या लावल्या. उमप गेले त्यानंतरच्या सोमवारी मी जेवताना विषय काढला. एकानं विचारलं, ‘कोण उमप?’ दुसरा म्हणाला, ‘तो टीव्हीवरचा? नंदेश?’ मी म्हटलं, नाही, त्याचे वडील. एवढंच.

पण शुक्रवारी रात्री फोन आला होता. तिनं नाव सांगितलं, मी ओळखलं, आणि ती सरळ म्हणाली, ‘आमचे उमप गेले गं.’ अठ्ठावीस वर्षांनी तेच वाक्य. या वेळी मी हसले नाही. आम्ही तासभर बोललो. तिचे वडील लोको शेडमध्ये होते आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचे. उमपांची कॅसेट आली की ते एक ओळ ऐकायचे, बंद करायचे, पेटीवर बसवायचे, पुन्हा चालू. तिला अर्ध्या अर्ध्या ओळीतच गाणी पाठ आहेत, सलग नाहीत. तिला कोळीगीतं फारशी माहीत नव्हती. तिच्या उमपांनी होडी कधी चालवलीच नव्हती. मी तिला आमचा नाच सांगितला, पुठ्ठ्याची वल्ही सांगितली. ती म्हणाली, ‘माहिती आहे की. मी मागं उभी होते. मला घेतलं नव्हतं नाचात.’

मला हे आठवत नव्हतं. बाईंना विचारू नका, त्यांचा दोष नाही. आठ मुली मीच निवडल्या होत्या.

हे मला फोनवर बोलता आलं नाही. म्हणून हा विषय मागितला. मी तेव्हा चुकीचं बोलले होते आणि वर हसले होते, आणि तू बरोबर होतीस. हे ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यापैकी पाच जणी आज इथं आहेत, त्यांच्यासमोर सांगते.

तिनं वडिलांची एक कॅसेट आणली आहे. इथल्या साउंडवाल्या पोराकडे कॅसेट लावायची सोयच नाही, त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. स्टेशनजवळ राहणारे आपले एक वर्गमित्र घरचा जुना टेपरेकॉर्डर आणायला गेलेत. ते मागच्या दारातून येताना दिसताहेत. मी खाली बसते. कुणीतरी माइक टेपजवळ धरा.