भिंतीला कान



‘कलात्मक थरारपटांतली हिंसा आणि पाळत’ या विषयावरच्या या परिषदेत दोन दिवस चांगले निबंध वाचले गेले. त्यांचा आढावा घेणं हे अध्यक्ष म्हणून माझं काम, पण कित्येक वर्षं मनात साचलेलं आज बोलणार आहे. कॅमेऱ्याची नजर, प्रेक्षकाची नजर, सत्तेची नजर, सगळ्यांवर चर्चा झाली. आवाजाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ज्याचं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, त्याला हे लागतं.

फ्रान्सिस फोर्ड कपोलांचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचा युनियन स्क्वेअर, दुपारची गर्दी, तिच्यात फेऱ्या मारणारं जोडपं आणि दुरून त्यांचं बोलणं टिपणारे मायक्रोफोन. लोकांचं बोलणं चोरून टिपण्याचा धंदा करणारा हॅरी कॉल वेगवेगळ्या टेपा जुळवतो, बोंगोचा गोंगाट गाळतो आणि एक वाक्य वर काढतो : संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकील. हॅरीला जोर ऐकू येतो तो ‘मारून’वर. जोडप्याच्या जिवाला धोका आहे असं तो धरून चालतो. अखेरीस तेच वाक्य ‘आपल्याला’वर जोर देऊन येतं आणि शिकार कोण, शिकारी कोण, सगळं उलटतं. हा जोर अभिनेत्याकडून एका टेकमध्ये निराळा पडला होता. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तो बाजूला ठेवलेला टेक शेवटच्या मिक्सिंगमध्ये आणला. आपल्याकडे काय झालं असतं? लोकेशनवरचा आवाज ‘पायलट’ म्हणून वापरायचा, डबिंग झालं की फेकून द्यायचा. माझ्या डोळ्यांदेखत असे किती ट्रॅक कचऱ्यात गेले!

मिखाएल हानेकेंच्या ‘काशे’वर (२००५) तीन वक्ते बोलले. पहिल्या दृश्यात पॅरिसमधली गल्ली आणि एक घर, कॅमेरा स्थिर. पाखरं, पावलं, एवढंच कानावर पडतं. मग गल्लीत न दिसणाऱ्या नवरा-बायकोचं बोलणं सुरू होतं, आणि कळतं की आपण त्यांच्या दारात आलेली टेप पाहतो आहोत. टेप पळवल्याच्या रेघा नंतर उमटतात. पाळतीची पहिली खबर कानाला मिळते. शिवाय अख्ख्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. भ्यायचं कुठे, हे कोणी सांगत नाही.

आता कालचा वाद : हिंसा किती दाखवावी? माझ्यापुरता तो एका मिक्सिंग रूममध्ये मिटला. हातातल्या चित्रपटात शेजारच्या खोलीत बाईला मारहाण होते. रक्त किती दिसावं यावर दिग्दर्शक आणि निर्माता हातघाईवर आलेले. फोलीवाल्या पोरानं ओल्या गोणपाटावर मुठी हाणून आणि काकडी मोडून तो ट्रॅक तयार केला होता. त्यात मी वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिटी मिसळली होती. मधेच प्रोजेक्टर बंद पडला, ट्रॅक तेवढा चालू राहिला. अंधारात कोणी हललं नाही. शिटी झाली तसा निर्माता ओरडला, ‘बंद करा ते!’ त्यानंतर रक्ताचा विषय कोणी काढला नाही. हानेकेंना हे पक्कं ठाऊक आहे. ‘फनी गेम्स’मध्ये (१९९७) मुलावर गोळी झाडली जाते तेव्हा आपण स्वयंपाकघरात आहोत, एक मारेकरी खायला करून घेतोय. गोळी ऐकू येते. आणि टीव्हीवर मोटारींची शर्यत तशीच घोंघावत राहते. जिवाचा थरकाप करते ती ही शर्यत! आणि मित्रहो, एका फिल्म सोसायटीनं नेमक्या याच ठिकाणी ‘लोकांना त्रास होतो’ म्हणून आवाज बारीक केला. लोक आपसांत गप्पा मारू लागले. मी उठून भांडलो, आजही भांडेन.

समीक्षकांना हात जोडून विनंती : परीक्षणात ‘ध्वनी ठीक’ एवढ्यावर आमची बोळवण करू नका. परिषदेनं जुन्या ध्वनिमुद्रकांच्या मुलाखती घ्याव्यात, एखादी पुस्तिका काढावी. कोणी, केव्हा, पैसे कुठून, ते बसून ठरवू.

रात्री ‘काशे’ दाखवणार आहात. संपल्यावर ‘टेपा पाठवल्या कोणी?’ हे विचारलं जाईलच. त्याआधी मी विचारणार आहे, गल्लीत काय काय ऐकलंत? संयोजकांनो, सकाळी मी सभागृह तपासलं. डावा स्पीकर खरखरतोय. खेळाआधी तो दुरुस्त करून घ्या.