गावचा दवाखाना, घरची म्हातारी माणसं आणि ग्रामसभा
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर, विशेषतः भोर व वेल्हे भागातील श्रोत्यांसाठी)



एरवी या वेळेला आपण भातावरच्या करप्याविषयी, नाहीतर युरियाच्या मात्रेविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. तुमच्या घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या औषधपाण्याची आणि पोटापाण्याची सरकारी व्यवस्था कोण पाहतं, आणि ती व्यवस्था नीट चालली आहे का हे विचारायचा तुमचा हक्क कुठं आणि कसा बजावायचा, हे सांगायचं आहे.

शेतीच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण एकदा वेळवंड खोऱ्यातून, हिरडस मावळातून, नाहीतर तोरण्याच्या पलीकडून फिरून या. पोरं पुण्याला, शिरवळच्या कारखान्यात, नाहीतर मुंबईला. मागं घरात राहिली साठी-सत्तरीची दोन माणसं, एखादी गाय आणि डोंगरउताराची नाचणी. शेती तीच माणसं करताहेत. त्यातलं एक अंथरुणाला खिळलं की त्या साली आवण पडून राहतं. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे.

माझ्या एका चुलतीची गोष्ट सांगतो. तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे यायचे. एका साली ते बंद झाले. म्हातारी महिन्याच्या महिन्याला बँकेत जायची, खिडकीवरचा माणूस ‘जमा नाही’ म्हणायचा, ही परत यायची. जायला-यायला जीपचं भाडं वेगळं. तिनं मनाशी धरलं की सरकारनं योजनाच गुंडाळली. आठ महिने असे गेले. मग ग्रामसभेत एका तरुण मुलानं विचारलं की, गावातल्या किती जणांचे पैसे बंद आहेत त्याची यादी वाचा. यादी कुणाकडंच नव्हती. तेव्हा त्यानं तिथंच हात वर करायला सांगितले, तर सात हात वर झाले. चौकशी केल्यावर निघालं काय, तर हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. चुलती त्या वेळी पाय मोडून लेकीकडं पडली होती आणि दाखल्याचं तिला कुणी कळवलंही नव्हतं. दाखला दिल्यावर पैसे सुरू झाले, पण मागचे महिने काही मिळाले नाहीत.

या गोष्टीत कुणी पैसे खाल्ले नव्हते. फक्त विचारणारं कुणी नव्हतं.

आता योजनांचं थोडं समजून घ्या. ज्यांना आधार नाही, जे अपंग आहेत, ज्या विधवा आहेत अशांना पासष्ट वर्षांच्या आत संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. २०२३ सालापासून दोन्हींत महिना दीड हजार रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ती रक्कम अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अर्ज तहसील कचेरीत जातो, मंजुरीही तिथलीच. ग्रामपंचायतीला मंजुरीचा अधिकार नाही. पण गावात कोण पात्र आहे, कोण सुटलं, कुणाचे पैसे थांबले, हे ग्रामसभेत विचारता येतं आणि ठराव करून तहसीलदारांकडं पाठवता येतो. शिवाय ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च केला पाहिजे, असा नियम आहे. काही ठिकाणी मार्च उजाडला की घाईघाईनं काहीतरी वाटून तो खर्ची टाकतात. आंधळ्या माणसाला मिक्सर मिळाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्याला काय हवं होतं, हे आधी विचारलं असतं तर एवढं झालं नसतं.

आता दवाखान्याकडे वळू. इथं पहिली गाठ ही की, कुठला दवाखाना कुणाच्या ताब्यात हेच आपल्याला ठाऊक नसतं. पानशेत, करंजावणे, नसरापूर, भोंगवली इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांच्या हाताखालची उपकेंद्रं ही जिल्हा परिषदेची. भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य सरकारच्या आरोग्य खात्याचं. म्हणजे उपकेंद्राला कुलूप दिसलं तर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार असली तर जिल्हा शल्यचिकित्सक. चुकीच्या दारात अर्ज टाकला की तो महिनाभर टेबलावर पडून राहतो आणि आपण म्हणतो सरकार ऐकत नाही.

ही विभागणी जुनी आहे. १९६१ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. शाळा, रस्ते, जनावरांचे दवाखाने यांच्याबरोबर गावचं आरोग्यही तिच्याकडं आलं, आणि त्यावर लक्ष ठेवायला निवडून आलेल्या सभासदांची आरोग्य समिती. कल्पना अशी, की डॉक्टर जागेवर नसला तर मतदारानं सभासदाचा सदरा धरावा आणि सभासदानं समितीत अधिकाऱ्याला जाब विचारावा. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं बराच काळ तिथं प्रशासकच होता. त्या काळात सदरा धरायचा कुणाचा, हा प्रश्न होता. तेव्हा गावपातळीवर विचारायची जागा उरली ती ग्रामसभा.

वेल्ह्याची अडचण आणखी निराळी. (मार्च २०२४ मध्ये तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच म्हणतो.) डोंगरी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र, असं प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या साधारण साडेचोपन्न हजार. म्हणजे हिशेबानं तीन केंद्रंसुद्धा पुरती भरत नाहीत. हा हिशेब माणसं मोजतो, घाट मोजत नाही. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीला पावसाळ्यात किती वळसा पडतो, हे त्यात कुठंच येत नाही. म्हणून आपल्याकडं नुसतं ‘केंद्र आहे का’ विचारून भागत नाही. आरोग्यसेविका वाडीवर महिन्यातून किती वेळा येते, हे विचारावं लागतं. त्या बाईंचीही बाजू आहे बरं का. दोन-दोन उपकेंद्रं एकीच्या गळ्यात, वर रोजची नोंदवही आणि मोबाइलवरची माहिती. ग्रामसभेत तिच्यावर तोंड टाकू नका. रिकामी जागा कधी भरणार, हे तिच्या वरच्यांना विचारा.

विचारायचं कसं, त्याचीही एक रीत आहे. ‘दवाखान्यात काही मिळत नाही’ असं म्हटलं तर उत्तर येतं, ‘सगळं मिळतं.’ त्यापेक्षा असं विचारा: गेल्या तीन महिन्यांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या? त्या दिवसांत रुग्णांना काय सांगून परत पाठवलं? सर्पदंशावरचं इंजेक्शन आज किती आहे? हा शेवटचा प्रश्न लावणीच्या आधी विचारायचा. घोणस, मण्यार, फुरसं ही भातखाचरात आणि गवतात असतातच, आणि चावल्यावर भगताकडं गेलेला तास परत येत नाही. चिखलात काम करताना पायाला जखम असली आणि पुढं आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर लेप्टोची शंका धरून लगेच दाखवा. म्हातारपण आहे म्हणून अंग दुखतंय, असं घरी ठरवू नका.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा. पावती मागितली की बहुतेकदा पुढचं बोलणंच होत नाही.

गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांची एक समिती असते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं, त्यातून ती आली. तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी ठरवलेला आहे, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं आरोग्यासाठी वापरायचा. तुमच्या गावात या समितीचे सभासद कोण, हे आज घरी जाऊन विचारा. पुष्कळ ठिकाणी नावं फक्त कागदावर असतात. ज्याचं नाव आहे त्यालाच ते माहीत नसतं.

लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवावी, हा प्रयोग २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सुरू झाला. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), ठाणे आणि आपला पुणे. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे, तक्ता भिंतीला लावायचा आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो. पाटावर, भिंतीवर, कुठंही असा तक्ता तुम्हीही काढू शकता. त्याला परवानगी लागत नाही.

केरळात तर पंचायती याच्याही पुढं गेल्या. २००८ साली तिथल्या सरकारनं धोरण आखलं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं घरी जाणारी परिचारिका पंचायतींच्या पैशातून उभी राहिली. जखम धुणं, नळी बदलणं, घरच्यांना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवणं, अशी कामं ती करते. आपल्याकडं अजून हे सून नाहीतर शेजारीण करते, आणि सून पुण्याला असली तर कुणीच नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात अशी एखादी बाब घालायला सांगा. एकदम होणार नाही. पण आराखड्यात रस्ता आणि सभामंडपच का असतो, तर बाकीचं कुणी मागितलेलंच नसतं.

मुलं सांभाळत नसतील तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे. अर्ज प्रांतांकडं करायचा, आणि भोरलाच प्रांत कचेरी आहे. महिना दहा हजारांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. आपली म्हातारी माणसं पोरावर अर्ज करायला तयार होत नाहीत, हे मला माहीत आहे. एका आजोबांनी मला तोंडावर सांगितलं, ‘कोर्टात उभा करून त्याच्याकडून भाकरी घेऊ का?’ त्यांना माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायदा आहे एवढं मात्र पोराला ठाऊक असू द्या.

वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. जाताना एक वही घेऊन जा. वाडीतल्या साठीपुढच्या माणसांची नावं, कुणाला कुठली गोळी चालू आहे, कुणाचे पैसे थांबले आहेत, एवढं आधी लिहून काढा; शाळेतल्या नातवाला बसवलं तर एका संध्याकाळचं काम आहे. सभेत प्रश्न विचारला की तो इतिवृत्तात लिहिला का ते पाहा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला सभेला न्यायचं असलं तर सभा चावडीच्या माडीवर नको, खाली ओट्यावर घ्या, असं ग्रामसेवकांना आधीच सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात या वेळेला भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करायची, ते सांगणार आहोत. रामराम.